मयसभेचा खरा दरवाजा

पांडवांच्या मयसभेची गोष्ट महाराष्ट्रांतील लहान मुलासहि ठाऊक असते. जेथें जमीन होती तेथें दुर्योधनाला पाणी दिसलें म्हणून त्यानें वस्त्र सांवरलें, आणि जेथें पाणी होतें तेथें जमीन समजून तो आंत पडला. मयानें रचिलेल्या त्या सभेंत खोटें इतकें बेमालूम होतें कीं खरें कोणतें हें ओळखण्याचें साधनच पाहुण्याजवळ उरलें नव्हतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगणक नांवाच्या यंत्राच्या पोटांत मनुष्यानें अशीच एक मयसभा उभारली. तींत एका खऱ्या यंत्राच्या जागीं दहा, वीस, शंभर यंत्रें आहेत असा भास निर्माण केला जातो, आणि त्या प्रत्येक भासमान यंत्रांत चालणाऱ्या आज्ञावलीला आपण एकटीच त्या यंत्राची स्वामिनी आहों असें वाटत असतें. या यंत्रांना आभासी यंत्रें म्हणतात. त्यांची कीर्ति आतां सर्वत्र झाली आहे. परंतु या मयसभेला एक खरा दरवाजा ठेवावा लागला. तो कां ठेवावा लागला, आणि त्यांतून चोर आंत येऊं नये म्हणून केवढा खटाटोप करावा लागला, हा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाहीं.

१९६० च्या सुमारास संगणक म्हणजे एक सबंध दालन व्यापणारें, लक्षावधि डॉलर किंमतीचें यंत्र होतें. त्याचा एक क्षणहि वायां जाऊं नये म्हणून काम करणाऱ्यांनीं आपापलीं भोंकें पाडलेलीं कार्डें खिडकींत द्यावींत, आणि कांहीं तासांनीं अथवा दुसऱ्या दिवशीं उत्तराचा कागद घेऊन जावा, अशी रीत असे. एक स्वल्पविराम चुकला तर सारा दिवस फुकट जाई. या रीतीला कंटाळून अमेरिकेंतील केंब्रिज येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं नोव्हेंबर १९६१ मध्यें एकच यंत्र अनेकांनीं एकाच वेळीं वापरण्याची पद्धति करून दाखविली. यंत्र एकाचें थोडें काम करी, लगेच दुसऱ्याचें थोडें करी, आणि हा फेरा इतक्या वेगानें चाले कीं प्रत्येकाला यंत्र आपल्याच सेवेंत आहे असें वाटे.

आय. बी. एम. कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं सिस्टिम ३६० ही आपली नवी यंत्रमाला जाहीर केली, तेव्हां या पद्धतीला अत्यंत आवश्यक असलेली एक सोय, म्हणजे स्मृतींतील पत्ते आयत्या वेळीं बदलून देणारी यंत्रणा, तींत ठेवलेली नव्हती. परिणाम असा झाला कीं त्या संस्थेनें आपल्या नव्या प्रकल्पासाठीं जनरल इलेक्ट्रिकचें यंत्र पसंत केलें. हा घाव कंपनीला चांगलाच लागला. तिचें एक लहानसें शास्त्रीय केंद्र नॉर्मन रासमुसेन यांच्या देखरेखीखालीं केंब्रिजमध्येंच, त्या प्रकल्पाच्याच इमारतींत, १९६४ सालीं सुरू झालें होतें. तेथें रॉबर्ट क्रीझी व लेस कोमो यांनीं त्या वर्षाच्या अखेरीस एक वेगळाच बेत आंखला. एका मोठ्या आज्ञावलीनें सर्वांचीं कामें सांभाळावींत, यापेक्षां प्रत्येक माणसाला एक सबंध यंत्रच दिल्यासारखें करावें; मग त्या यंत्रावर त्यानें वाटेल तें चालवावें, असा तो बेत होता.

या बेतांतून सी-पी ४० नांवाची योजना जन्मली. मॉडेल ४० च्या एका यंत्रांत पत्ते बदलून देणारें जास्तीचें उपकरण बसवून ती उभी केली गेली, आणि जानेवारी १९६७ पासून ती नित्य वापरांत आली. तिची युक्ति थोडक्यांत अशी. प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा आज्ञा पाळणारा भाग, दोन अवस्थांत काम करतो: एक स्वामीची व दुसरी सेवकाची. स्मृतीची वांटणी बदलणें, उपकरणें चालू करणें, अशा कांहीं आज्ञा केवळ स्वामीनेंच द्यावयाच्या असतात. या योजनेंत स्वामीच्या जागीं एक कारभारी बसविला आणि प्रत्येक आभासी यंत्राला सेवकाच्या अवस्थेंत ठेविलें. आभासी यंत्रांतील आज्ञावली स्वामीच्या ऐटींत एखादी आज्ञा देई, तेव्हां खरें यंत्र थबके व कारभाऱ्याला हांक मारी. त्या आज्ञेचा जो परिणाम व्हावयास पाहिजे, तो कारभारी नकली रीतीनें घडवून आणी आणि काम पुढें चालू करी. साधीं गणितें मात्र खऱ्या प्रोसेसरवर खऱ्याच वेगानें होत. या कारभाऱ्याला पुढें हायपरव्हायझर हें नांव मिळालें. सी-पी ४० च्या मागून आलेली सी-पी ६७ ही १९६८ पासून बाहेरच्या संस्थांना मिळूं लागली, आणि २ ऑगस्ट १९७२ रोजीं कंपनीनें व्ही-एम ३७० या नांवानें हीच विद्या आपल्या गिऱ्हाइकांपुढें अधिकृत रीतीनें मांडली.

प्रोसेसर व स्मृति यांची वांटणी अशी साधली. परंतु संगणक म्हणजे केवळ मेंदू नव्हे. कार्डें वाचणारें यंत्र, छापणारें यंत्र, चुंबकीय तबकड्या व फिती हीं त्याचीं इंद्रियें होत. हीं अनेकांत कशीं वांटावयाचीं? कारभाऱ्यापुढें तीन वाटा होत्या. पहिली वाट सोंगाची. प्रत्येक आभासी यंत्राला एक आभासी छापयंत्र दाखवावें, त्यावर जें छापलें जाईल तें तबकडीवर साठवावें, आणि सवडीनें खऱ्या छापयंत्राकडे पाठवावें. दुसरी वाट वांटणीची. एका मोठ्या तबकडीचे तुकडे पाडावे आणि प्रत्येकाला त्याचा तुकडा हीच सबंध तबकडी म्हणून दाखवावी. तिसरी वाट मात्र अगदीं सरळ होती: खरें उपकरणच एका आभासी यंत्राच्या हवालीं करावें. चुंबकीय फितीच्या यंत्राच्या बाबतींत हेंच करीत, कारण एकाची फीत चढविलेली असतांना दुसऱ्यानें तें यंत्र वापरण्याचा प्रश्नच नसे. मयसभेचा खरा दरवाजा म्हणतात तो हाच, आणि तो पहिल्या पिढीपासूनच होता.

दरवाजा उघडतांच अडचण दिसून आली. उपकरणाशीं व्यवहार करतांना प्रोसेसर स्वतः एकेक अक्षर वाहून नेत नसे. त्या कामीं चॅनल नांवाचा एक स्वतंत्र हमाल असे. प्रोसेसरनें त्याच्या हातीं एक चिठ्ठी द्यावी, ‘अमुक पत्त्यापासून इतकीं अक्षरें उचल व फितीवर उतरव’, आणि स्वतः दुसऱ्या कामाला लागावें. आतां आभासी यंत्रानें लिहिलेल्या चिठ्ठींतील पत्ते हे त्याच्या कल्पनेंतील घराचे पत्ते असत; हमालाला तर खऱ्या गांवाचेच पत्ते समजत. प्रोसेसरचे पत्ते वाटेंत बदलून देणारी यंत्रणा होती, हमालाच्या वाटेवर ती नव्हती. चिठ्ठी तशीच दिली तर माल शेजाऱ्याच्या घरांत, प्रसंगीं कारभाऱ्याच्याच कचेरींत, जाऊन पडावयाचा. म्हणून कारभारी प्रत्येक चिठ्ठी आपल्याकडे घेई, तिची खऱ्या पत्त्यांसह नवी नक्कल लिही, स्मृतीचीं तीं पानें काम संपेपर्यंत जागचीं हलूं नयेत अशी व्यवस्था करी, आणि मग ती नक्कल हमालाला देई. या नक्कलनविशींत वेळ फार जाई. शिवाय कांहीं आज्ञावल्या इतक्या चतुर असत कीं, हमाल वाटेंत असतांनाच त्या मूळ चिठ्ठींत फेरफार करीत. तो फेरफार नकलेंत उतरत नसे, आणि काम बिघडे.

व्ही-एम ३७० मध्यें यावर एक तोड काढली होती. एका, आणि एकाच, आभासी यंत्राला स्मृतींत अशी जागा द्यावयाची कीं त्याचे कल्पित पत्ते व खरे पत्ते एकच ठरतील. मग चिठ्ठ्यांच्या नकला करण्याचें कारणच उरत नाहीं. केवळ शून्य पत्त्याजवळचें पहिलें पान वगळावें लागे, कारण तें प्रोसेसर स्वतः वापरीत असल्यामुळें कारभाऱ्यालाच हवें असे. वेग वाढला, पण किंमतहि मोजावी लागली. या मानकऱ्याच्या चिठ्ठ्या कोणी वाचीत नसल्यामुळें, त्यानें चुकून वा बुद्धिपुरस्सर भलताच पत्ता लिहिला, तर शेजाऱ्याचें घर उघडेंच होतें. आपल्याच कचेरींतील विश्वासू माणूस तें यंत्र चालवीत असे तोंवर हें चालून गेलें. पण वेग पाहिजे तर विश्वास टाकावा लागतो, आणि विश्वास नको तर वेग सोडावा लागतो, हा पेंच त्या काळींच पडलेला होता.

१९७४ सालीं जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनीं एक प्रसिद्ध निबंध लिहून आभासी यंत्राच्या शास्त्राला गणिताचा पाया घातला. आभासी यंत्रांत आज्ञावलीचें वर्तन खऱ्या यंत्रांतल्यासारखेंच व्हावें. बहुतेक आज्ञा कारभाऱ्याच्या मध्यस्थीवांचून थेट प्रोसेसरवरच चालाव्यात. आणि सर्व साधनसामग्रीवर अखेरचा ताबा कारभाऱ्याचाच असावा, अशा तीन कसोट्या त्यांनीं सांगितल्या. त्यांच्या प्रमेयाचें गणित प्रोसेसर व स्मृति यांपुरतें होतें. उपकरणांचा व्यवहार त्यांनीं विवेचन सुटसुटीत व्हावें म्हणून बाजूस ठेविला. शास्त्राला तें शोभलेंहि. परंतु पुढील तीस वर्षांत खरी अडचण उपकरणांच्याच बाजूनें येणार होती.

मध्यंतरीं यंत्रें लहान व स्वस्त झालीं. ज्याला संगणक हवा त्यानें तो विकत घ्यावा, असा काळ आला, आणि एका यंत्राचीं अनेक करण्याची विद्या मोठ्या कचेऱ्यांपुरतीच उरली. १९९७ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत डिस्को नांवाच्या योजनेनें तिचा जीर्णोद्धार झाला. त्या मंडळींतील कांहींजणांनीं १९९८ मध्यें व्हीएमवेअर ही कंपनी काढली, आणि मे १९९९ मध्यें घरगुती संगणकावर चालणारें आभासी यंत्र तिनें बाजारांत आणलें. घरगुती संगणकाचा प्रोसेसर या कामासाठीं घडविलेला नव्हता. त्याच्या सतरा आज्ञा पोपेक व गोल्डबर्ग यांच्या कसोटीला उतरत नव्हत्या, असें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत दाखविलें गेलें. तरी त्या आज्ञा चालतांचालतां बदलून घेण्याच्या युक्तीनें कंपनीनें तो डोंगर ओलांडला.

उपकरणांच्या बाबतींत मात्र पुन्हां सोंगाचीच वाट धरावी लागली. बाजारांत हजारों प्रकारचीं कार्डें असल्यामुळें, सर्वांना ओळखीचें असें एखादें जुनें कार्ड निवडावें व त्याची हुबेहूब नक्कल आज्ञावलीनें करावी, हें सोयीचें होतें. फाब्रीस बेलार यांनीं २००३ सालीं लोकांपुढें ठेविलेल्या क्यूएमू या प्रसिद्ध आज्ञावलींत इंटेलनें १९९६ सालीं काढलेल्या ४४०-एफ-एक्स या जोडणीची नक्कल आहे, आणि ती अद्यापहि वापरांत आहे. अर्वाचीन यंत्राच्या पोटांत बसलेली आज्ञावली आपण १९९६ सालच्या यंत्रावर चालत आहों अशा समजुतींत असते. ही नक्कल सुरक्षित खरी, पण मंद. आणि त्याहून वाईट म्हणजे, खऱ्या कार्डाच्या अंगीं जे नवे गुण असतील त्यांचा लाभ आंतील आज्ञावलीला होत नाहीं. घरांत उत्तम गवई असतांना पाहुण्याला जुन्या तबकडीवरील गाणें ऐकवावें, तसा हा प्रकार होता.

योगायोग असा कीं, पुढचें पाऊल दुसऱ्या केंब्रिजमध्यें, इंग्लंडांतील विद्यापीठांत, पडलें. तेथील झेन या योजनेनें २००३ सालीं सोंगाचा आग्रहच सोडला. पाहुण्याला आपण मयसभेंत आहों हें सरळ सांगावें, आणि त्यानें उपकरणाची नक्कल हांताळण्याऐवजीं कारभाऱ्याशीं ठरलेल्या भाषेंत बोलावें, असें तिनें ठरविलें. यानें वेग पुष्कळ वाढला. तरीहि प्रत्येक मालाची गांठोडी एका मध्यस्थाच्या हातून जावयाची ती जातच राहिली. जाळ्याचा वेग सेकंदाला एक अब्ज बिटांवरून दहा अब्जांवर गेला, तेव्हां मध्यस्थाचा वाटा डोळ्यांत भरूं लागला. खरें कार्ड थेट पाहुण्याच्या हातीं द्यावें, ही जुनीच मागणी पुन्हां पुढें आली.

आणि तिच्याबरोबर जुनी भीतीहि पुढें आली. घरगुती संगणकांत चॅनल नसतो, पण प्रत्येक कार्ड स्वतःच हमाल झालेलें असतें. प्रोसेसरला न विचारतां तें स्मृतींतून माल उचलतें व स्मृतींत टाकतें. हें कार्ड परक्या माणसाच्या ताब्यांत दिलें, तर त्यानें कार्डाला वाटेल तो पत्ता सांगावा आणि शेजाऱ्याच्या स्मृतींतील गुपितें उचलावींत, किंवा कारभाऱ्याच्याच आज्ञा पुसून तेथें आपल्या लिहाव्यात. प्रोसेसरवरील सगळे पहारे येथें व्यर्थ होते, कारण हा चोर त्या रस्त्यानें येतच नव्हता. आय. बी. एम. च्या काळीं शेजारी एकाच संस्थेंतले असत. आतां एकाच यंत्रांत परस्परांना न ओळखणाऱ्या, प्रसंगीं परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या, व्यापाऱ्यांचीं बिऱ्हाडें नांदूं लागलीं होतीं. ॲमेझॉननें २००६ सालीं आभासी यंत्रें तासाच्या भाड्यानें देण्याचा धंदा सुरू केला, तेव्हां तर बिऱ्हाडकरू कोण हें विचारण्याचेंहि कारण उरलें नाहीं.

उपाय सांपडला तो तत्त्वतः साधाच होता. जी पत्ते बदलणारी यंत्रणा प्रोसेसरच्या वाटेवर १९६७ सालीं बसविली, तीच आतां उपकरणांच्या वाटेवरहि बसवावयाची. एएमडी व इंटेल या दोन्ही कंपन्यांनीं २००६ सालीं आपआपल्या अशा यंत्रणेचे आराखडे प्रसिद्ध केले, आणि लवकरच त्या प्रत्यक्ष यंत्रांत आल्या. तिला आयओएमएमयू असें आद्याक्षरांचें नांव आहे; वेशीवरचा जकातनाका म्हटलें असतां तिचें काम लक्षांत येईल. प्रत्येक कार्डाला कोणत्या मार्गावर, कितव्या जागीं व कितवें अंग, यांवरून एक सोळा बिटांचा ओळखक्रमांक मिळतो, आणि तें जो माल नेतें-आणतें त्यावर हा क्रमांक असतो. नाक्यावरील शिपाई क्रमांक पाहतो, हें कार्ड कोणत्या बिऱ्हाडाचें तें वहींत पाहतो, त्या बिऱ्हाडाचा कल्पित पत्ता खऱ्या पत्त्यांत बदलतो, आणि पत्ता वहींत नसेल तर माल अडवितो. पूर्वीं कारभाऱ्यानें चिठ्ठ्यांच्या नकला करण्यांत जो वेळ घालविला, तो आतां यंत्रानेंच वांचविला. पाहुण्याच्या चिठ्ठ्या वाचण्याची गरज उरली नाहीं. गाडी वेशीवर तपासली कीं झालें.

येथें कोणास वाटेल कीं कार्ड आतां सबंध हवालीं करण्यास हरकत नसावी. परंतु खऱ्या वस्तूच्या सर्व किल्ल्या पाहुण्याला देतां येत नाहींत. प्रत्येक कार्डाजवळ आपल्या गुणांची एक सनद असते. जुन्या पद्धतींत ती २५६ बाइटांची व नव्यांत ४०९६ बाइटांची असून, पहिलीं चौसष्ट बाइटें ठराविक नमुन्याचीं असतात. पुढें एकामागून एक दुवे जोडून कार्डाच्या अंगीं कोणकोणतीं सामर्थ्यें आहेत तें लिहिलेलें असतें: संदेश पाठवून प्रोसेसरचें लक्ष वेधण्याचें, वीज कमी वापरून निजण्याचें, स्वतःला पुन्हां कोरें करून घेण्याचें. या सनदेंतील कांहीं कलमें पाहुण्याला जशीचीं तशीं दाखवितां येतात. कांहीं दाखवावीं लागतात, पण त्यांवर त्यानें लिहिलें तर तें लिखाण खऱ्या कार्डापर्यंत पोंचूं द्यावयाचें नसतें. उदाहरणार्थ, आपल्या नोंदवह्या स्मृतींत कोठें मांडाव्यात हें सांगणारें कलम. पाहुण्यानें तें बदललें असें त्याला भासवावें आणि खरी मांडणी कारभाऱ्यानें आपल्या हातीं ठेवावी. कांहीं कलमें तर दुव्यांच्या सांखळींतून अलगद वगळावीं लागतात. सारांश, खरा दरवाजा म्हटला तरी त्याच्या चौकटींत थोडी माया शिल्लक ठेवावीच लागते.

या चौकटींत एक फट राहिली होती, ती २०११ सालीं पोलंडमधील रफाल वोयचुक व योआना रुतकोवस्का या संशोधकांनीं दाखवून दिली. कार्डानें प्रोसेसरचें लक्ष वेधण्याची नवी रीत म्हणजे एका ठराविक पत्त्यावर एक लहानसा संदेश लिहिणें. पाहुण्यानें आपल्या कार्डाकडून असा बनावट संदेश लिहविला, तर प्रोसेसरला भलतीच हांक ऐकूं जाई व कारभाऱ्याची फसगत करतां येई. मालाचे पत्ते तपासणारा शिपाई होता. हांका तपासणारा पुष्कळ यंत्रांत नव्हता. त्यानंतर हांकांचीहि तपासणी करणारी यंत्रणा असल्यावांचून लिनक्सनें कार्ड हवालीं करूं नये, असा नियम झाला. ज्याला धोका पतकरूनच पुढें जावयाचें असेल, त्याला तसें स्पष्ट लिहून द्यावें लागतें.

आणखी एक प्रश्न संख्येचा होता. बिऱ्हाडें पन्नास आणि कार्ड एक, तर हवालीं कोणाच्या करावें? सप्टेंबर २००७ मध्यें पीसीआय-सिग या उत्पादकांच्या मंडळानें याचें उत्तर ठरवून दिलें. कार्डानेंच आपल्या अंगाच्या अनेक लहान प्रतिमा काढाव्यात. प्रत्येकीला स्वतःचा ओळखक्रमांक असावा, मालाची ने-आण करण्यापुरतें सामर्थ्य असावें, आणि सबंध कार्डाची मांडणी बदलण्याचा अधिकार मात्र मूळ अंगाकडे, म्हणजे कारभाऱ्याकडे, राहावा. या पद्धतीला एसआर-आयओव्ही म्हणतात. वांटणीचें जें काम पूर्वीं आज्ञावली करी तें धातूवरच कोरलें गेलें.

सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस निघालेल्या लिनक्सच्या ३.६ या आवृत्तींत व्हीएफआयओ नांवाची व्यवस्था आली, आणि आजवरच्या या अनुभवाला तींत नियमांचें रूप मिळालें. तिचा एक दंडक लक्षांत ठेवण्याजोगा आहे. जीं कार्डें नाक्यावर न जातां आपआपसांत देवघेव करूं शकतात, त्यांचा एकच गट समजावा. तो गट एकाच पाहुण्याला द्यावा अथवा कोणालाच देऊं नये. दोन बिऱ्हाडांच्या मध्यें भिंत असून आंतून खिडकी असेल, तर तीं दोन बिऱ्हाडें नव्हेतच, असा त्याचा अर्थ. पाहुणा गेल्यावर कार्ड पुन्हां कोरें करणें हेंहि तितकेंच महत्त्वाचें, नाहींतर मागच्या बिऱ्हाडाचीं गुपितें पुढच्याच्या हातीं पडतील. कांहीं चित्रकार्डें अशीं हट्टी निघालीं कीं, एका पाहुण्याच्या हातून सुटल्यावर सबंध यंत्र बंद करून पुन्हां चालू केल्यावांचून तीं ताळ्यावर येत नसत.

चित्रकार्डांनींच या दरवाज्याला खरी गर्दी आणली. मूळ पडद्यावर चित्रें काढण्यासाठीं घडविलेलीं हीं कार्डें प्रचंड गणितें एकदम करूं शकतात असें दिसून आलें. हा गुण सोंगानें दाखवितां येण्याजोगा नाहीं. तो खऱ्या कार्डाकडूनच यावयास हवा. नोव्हेंबर २०१० मध्यें ॲमेझॉननें एनव्हिडियाचीं दोन खरीं कार्डें आंत असलेलीं आभासी यंत्रें भाड्यानें देण्यास आरंभ केला. घरगुती खेळांसाठीं विकलेल्या कार्डांच्या बाबतींत मात्र निराळाच अडसर निघाला: आपण आभासी यंत्रांत आहों असें आढळतांच त्या कार्डाची आज्ञावली काम करण्याचें नाकारी. म्हणून हौशी लोक यंत्राचा आभासीपणाच तिच्यापासून लपवून ठेवीत. २०२१ सालीं एनव्हिडियानें ती आडकाठी काढली. मयसभेंत आलेला खरा पाहुणा भिंती ठोठावून पाहतो, असें चित्र त्या काळांत दिसलें.

खऱ्या उपकरणाची सर्वांत मोठी किंमत मात्र वेगळीच आहे. आभासी यंत्राचा एक विलक्षण गुण असा कीं, तें चालू असतांनाच एका खऱ्या यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर नेतां येतें. २००५ सालीं केंब्रिजच्या मंडळींनीं खेळ चालू असलेलें एक यंत्र असें हलविलें, आणि काम थांबलें तें सेकंदाच्या अवघ्या साठ सहस्रांश भागापुरतें. सोंगाचें उपकरण पोथीसारखें असतें. त्याची सारी अवस्था कारभाऱ्याच्या वहींत असल्यामुळें तें सहज हलतें. खऱ्या कार्डाची अवस्था त्याच्या पोटांत असते आणि ती बाहेरून वाचतां येत नाहीं. प्रोसेसरचे खरे गुण पाहुण्याला जसेच्या तसे दाखविले तरी हेंच होतें: तो त्या गुणांवर विसंबतो, आणि मग ज्या यंत्रांत ते नाहींत तेथें त्याला नेतां येत नाहीं. जो जमिनीशीं बांधला गेला त्याचें बिऱ्हाड हलत नाहीं. कार्डानेंच आपली अवस्था बांधून द्यावी व दुसऱ्या कार्डानें ती उलगडून घ्यावी, अशी रीत ठरण्यास २०२२ साल उजाडावें लागलें, आणि तीहि ज्या कार्डांत मुद्दाम तशी सोय केली आहे त्यांच्यापुरतीच.

२०१७ सालीं ॲमेझॉननें नायट्रो या नांवानें आपली नवी रचना पुढें आणली. तींत जाळें व साठवण यांचा सारा कारभार स्वतंत्र कार्डांवर गेला. पाहुण्याला तीं कार्डें थेट मिळतात, आणि मुख्य यंत्रावरील कारभारी अगदीं लहानसा उरला. ज्या कारभाऱ्यानें १९६७ सालीं प्रत्येक चिठ्ठी स्वतः लिहून काढली, त्याचें काम पन्नास वर्षांत इतकें आटलें. आतां तर प्रश्न उलट बाजूनें विचारला जात आहे. पाहुण्यापासून घर कसें राखावें हें पूर्वीं पाहिलें जाई. हल्लीं पाहुणा विचारतो कीं, मला दिलेलें कार्ड खरें कशावरून, आणि कारभारी माझी स्मृति वाचीत नाहीं कशावरून? त्यासाठीं कार्डानें आपली ओळख सहीनिशीं पटवून द्यावी व उभयतांनीं गुप्त लिपींत बोलावें, असे नियम तयार झाले आहेत.

ॲमेझॉनचें एक केंद्र जून २०१६ पासून मुंबईस आहे, आणि अशा भाड्याच्या यंत्रांवर आपल्याकडील अनेक व्यवहार चालतात. घरीं बसून पैसे पाठविणाऱ्या गृहस्थाला आपली नोंद कोणत्या आभासी यंत्रांत होते, त्याच्या शेजारच्या बिऱ्हाडांत कोण आहे, आणि कोणतें खरें कार्ड ती नोंद वाहून नेतें, यांतलें कांहींहि दिसत नाहीं. दिसण्याचें कारणहि नाहीं. पण ती नोंद शेजाऱ्याच्या हातीं पडत नाहीं, हें वेशीवरील त्या शिपायामुळें घडतें. मयासुराच्या सभेंत खोट्याच्या मागें खरें लपविलें होतें, आणि त्यांतून फजिती, वैर व अखेर युद्ध निघालें. या सभेच्या शिल्पकारांनीं खरें कोठें आहे तें नीट ओळखून त्या एका दरवाज्यावर पहारा बसविला, आणि पहाऱ्यांत फट दिसली तेव्हां ती उघडपणें सांगून बुजविली. सभा अजून उभी आहे ती एवढ्यामुळेंच.